नाव दादांचं, माणूस माझा

माझं माहेर पलूसकडचं, हे आधी लिवा, म्हंजे म्होरलं समजंल. तिकडं पाटाचं पाणी, ऊस, दारात म्हसरं, आन् मला दिली कुठं तर वडूजच्या पल्याड माळावर, जिथं हिरीत वाकून बघितलं तर आपलंच तोंड सुदीक दिसत न्हाई. बाप म्हणला पोरगं गवंडी हाय, हातात कला हाय, पाऊस पडू न्हाईतर न पडू, लोक भिंती तर बांधणारच. त्याचं म्हणणं तसं खोटं न्हवतं, पर भिंत बांधायला लोकांच्या पदरात कायतरी पायजे का नगं. असूं द्या. माझं नाव यशोदा. मालकांचं नाव इचारू नका, मी घेणार न्हाई, सासू वसरीवर बसलीया, तिला इचारून घ्या. आन् नावापायीच तर समदा इस्कोट झालाय आमच्या घरात, म्हणून तर तुमी एवढ्या उन्हाचं आलाय ऐकायला.

घरात माणसं मोजकी. सासू, तिला मी आत्याबाई म्हणते. थोरलं दीर नामदेव, त्यास्नी समदं दादाच म्हणत्यात. त्यांची बायको पार्वती, माझी जाऊ, तिला मी आक्का म्हणते, लय गुणाची बाई, तिनं मला ह्या माळावर ऱ्हायला शिकवलं. आन् मग आमी दोघं. दोघं भाऊ गवंडीच, आन् चेहरंपट्टी अशी एकसारखी की लांबनं आलं तर मलाबी वाईच थांबून बघाय लागायचं. दादा अंगानं भरल्यालं, आमचं जरा सुकाटं, आन् दादांस्नी झुपकेदार मिशी, आमचं साफ. एवढाच फरक.

आता बाहत्तरचा दुस्काळ तुमास्नी ठावं हाय का न्हाई? तुमी शहरातली माणसं, तुमी पेपरात वाचला आसंल. आमी रस्त्यावर खडी फोडली. त्या खडीच्या कामावर हजेरीपटात नाव आत्याबाईचं हुतं, आन् आत्याबाईला उन्हाची भोवळ यायची, म्हणून तिच्या जागंवर मी जायचे. मुकादम गंगूबाई म्हणून हाक मारायचा आन् मी हाजर म्हणायचे. दादांचं नाव आसायचं तवा दादा न्हाईतर हे, ज्याला दुसरीकडं काम न्हाई त्यो. कुणाचं पोर आजारी पडलं तर भावजय यायची, कुणाची बायको बाळंत झाली तर भाऊ यायचा. ह्याला आमी बदली म्हणायचो. मुकादमाला समदं ठावं. त्यो म्हणायचा, मला खडीचा ढीग मोजायचाय, तुमची तोंडं न्हाई. सरकारी काम हुतं बरं का ते, सरकारी. तवा सरकारला चाललं. मंग आमास्नी काय सपान पडलं हुतं का, की दुसऱ्या येळंला त्येच सरकार म्हणंल ह्यो गुन्हा हाय?

तर दुस्काळ सरला, वरसं गेली, आन् कऱ्हाडकडचा एक माणूस गावात आला. पॅन्ट घातल्याला, बुशकोट, त्याचा मेव्हणा मुंबईत बसून परदेशात माणसं धाडायचा. म्हणला तिकडं गवंडी पायजेत, लय पायजेत. समदी दुबई दुबई म्हणायची, पर दुबई न्हवं ते, कुवेत. आत्याबाई म्हणली थोरल्याचं नाव घाला, थोरल्याचा मान. मंग पासपोर्ट. काय सांगू तुमाला, एका पासपोर्टापायी सहा महिनं तालुक्याला खेटं. साळंचा दाखला आणा, तर साळंत मास्तरनं जलमतारीख आपल्याच मनानं घाटल्याली. मोठ्या सायबाची सही आणा, तर सायब रजेवर. मंग पोलिस आला चौकशीला, ह्या वसरीवर बसून च्या पिला, इचारलं नामदेव कोण, दादा म्हणलं मी. इचारलं बायको कोण, आक्का आतनं म्हणली मी हाय. झालं. त्यानंबी लिवून नेलं. आन् एक दिस पासपोर्ट आला, त्यात मिशीवाला दादांचा फोटू, आन् बायको म्हणून पार्वती. मागनं कुवेतचा कागुदबी आला, ज्याला ती लोकं यनोशी म्हणत्यात, त्या कागदावर व्हिसा व्हतो म्हणं. वडूजच्या दुकानातनं पेढं आणलं आमी.

पेढं खाल्लं आन् दादा पडलं. साळंच्या भिंतीवर काम चाललं हुतं, उभं ऱ्हायची परांची तुटली, पाय मोडला. मांडीपतोर प्लॅस्टर. कऱ्हाडवाला आला, कपाळाला हात लावून बसला. म्हणला कागदाची मुदत संपती, मुदतीत माणूस गेला न्हाई तर कागुद गेला. आत्याबाई जात्यावर बसली हुती, दळायची थांबली सुदीक न्हाई, म्हणली, मंग धाकट्याला धाडा की. तुमास्नी हसू यील. पर त्या वक्ताला घरात कुणाच्याबी मनात आलं न्हाई की ह्यात काय वाकडं हाय. बाप त्योच, आडनाव त्येच, काम त्येच, उलट आमच्या मालकांचा हात दादांपरास साफ. कंपनीला भिंत पायजे का मिशी पायजे? कऱ्हाडवाला जरा घुटमळला, मंग ह्यांच्या तोंडाकडं बघितलं आन् म्हणला, मिशी वाढीव गड्या, आन् पाठांतर कर.

आन् हितं माझं डोस्कं फिरलं. पाठांतर कशाचं, तर नाव काय, नामदेव. वय काय, दादांचं वय. बायकोचं नाव काय, पार्वती. गोठ्यात बसून त्यो कऱ्हाडवाला इचारतोय आन् हे सांगत्यात, बायकोचं नाव पार्वती, बायकोचं नाव पार्वती, साळंतल्या पोरावानी. आक्का तवा भाकऱ्या थापत हुती. तिनं तवा उतरवला, डोक्यावरनं पदर घेतला आन् मागल्या दारानं शेजारणीकडं गेली, ती सांजंला आली. थोरली भावजय म्हंजे आमच्यात आईच्या जागी. हे लग्नात तिच्या पाया पडल्यालं. त्या दिसापासनं हे आन् आक्का एकमेकाच्या म्होरं आलं न्हाईत. ह्यांस्नी वाढायचं ते मी वाढायचे. मी ह्यांस्नी म्हणलं, दुसरं कायबी सांगा त्या सायबाला, हे सांगू नगा. तर म्हणलं, अगं कागदावर तसंच हाय, मी काय करू. कागदावर तसंच हाय, हे वाक्य मी त्या घरात एवढ्यांदा ऐकलंय की आता कुणी बोललं तर माझ्या कानशिलात ठणका लागतो.

गेलं. मुंबईच्या इमानतळावर सायबानं नेमकं त्येच इचारलं, बायकोचं नाव काय, आन् ह्यांनी सांगितलं. हे त्यांनी मला परत आल्यावर सांगितलं, मान खाली घालून.

तिकडं गेल्या गेल्या कंपनीनं पासपोर्ट काढून घेतला. का घेतला, तर म्हणं तिकडं तशीच रीत हाय, मालक पासपोर्ट आपल्यापाशी ठिवतो, कामगारानं पळून जाऊ नये म्हणून. आमच्यात बैलाचं दावं मालकाच्या हातात आसतं ते ठावं हुतं, माणसाचंबी आसतं हे तवा कळलं. पासपोर्टाच्या बदली एक कार्ड दिलं. त्यावर फोटू मातुर तिथंच काढला, म्हंजे ह्यांचा सवताचा. नाव दादांचं आन् फोटू ह्यांचा. हे ध्यानात ठिवा.

आन् पत्रं. तिकडं खोलीत धा-बारा माणसं, कुणी केरळचं, कुणी पंजाबचं, समद्यास्नी हे नामदेव म्हणून ठावं. मग नामदेवानं बायकोला पत्र धाडायचं तर कुणाच्या नावानं धाडायचं? पार्वतीच्या. पोस्टमन दारात यायचा आन् वरडायचा, पार्वतीबाई, कुवेतचं पत्र. गावात समदी आक्काला चेष्टेनं म्हणायची, तुझं नशीब काढलं बाई, नवरा परदेशात. आन् तिचा नवरा आत काठी घिऊन लंगडत हिंडतोय. आक्का पत्र घ्यायची आन् न फोडता चुलीपाशी माझ्याम्होरं ठिवून जायची. एकाच चुलीला आमी दोघी जावा, आन् मधी ते पत्र पडल्यालं. मला कवा आक्काचा राग यायचा, कवा पोस्टमनचा, कवा त्या कऱ्हाडवाल्याचा. आत्याबाईला म्हणलं तर म्हणायची, कागुदच हाय न्हवं. व्हय बाई, कागुदच हाय.

दोन वरसानं हे रजंवर आलं. गाणी वाजवायचा रेडू आणला, आत्याबाईला घोंगडी आणली, आक्कासाठी लुगडं आणलं पर ते माझ्या हातनं दिलं. मिशी तशीच. पारावर कुणी नावानं हाक मारली तर हे बघायचंच न्हाईत, आन् कुणी नामदेव म्हणलं की झटक्यात वळायचं. लोक हसायची. मला हसू यीत न्हवतं. कंपनीनं परतीचं तिकीट हातात दिल्यालं, पासपोर्ट रजंपुरता माघारी दिल्याला, त्यात परत यायचा शिक्का मारल्याला, दोन महिन्यांनी हजर व्हायचं. तवर दादांचा पाय बरा झाल्याला. आन् दादा एक दिस जेवताना म्हणलं, आता मी जाणार.

हे म्हणलं, तुमी कसं? दादा म्हणलं, नाव माझं, पासपोर्ट माझा, फोटू माझा, तू दोन वरसं माझ्या जागंवर गेलास, आता पाळी माझी. हे म्हणलं, तिथं हात माझा वळखत्यात, फोरमन मला वळखतो, कोपऱ्याचं काम माझ्याबिगर कुणाला दीत न्हाईत. दादा म्हणलं, कुणाला दीत न्हाईत, नामदेवाबिगर ना? आन् नामदेव कोण? दोघांचंबी खरं. मी मधी बोलले, आमच्यात बाईनं दिरांम्होरं बोलायची रीत न्हाई तरीबी बोलले. म्हणलं, कुणीबी जावा, पर ह्यांस्नी जायचं आसंल तर सवताच्या नावानं जाऊ द्या. मला तिकडची कमाई नगं, रेडू नगं, माझा माणूस माझ्या नावावर आसू द्या. आत्याबाई म्हणली, ही काय बोलती खुळ्यावानी, माणूस काय सातबारा हाय व्हय नावावर करायला.

मंग वडूजला एका वकिलाकडं गेलो, समदं, बैलगाडी करून. आत्याबाई, दादा, हे, मी. आक्का आली न्हाई. वकील आदुगर हसत हुता, जसजसं ऐकत गेला तसं त्याचं हसू गेलं, उठून दार लावून घेतलं. दादांनी इचारलं, व्हिसा कुणाचा, नाव आसंल त्याचा का राबंल त्याचा? वकील म्हणला, ज्याला दिला त्याचा. आत्याबाईनं इचारलं, घराला दिलाय न्हवं? वकील म्हणला, आजी, व्हिसा घराला देत न्हाईत, एकेका माणसाला देतात. मंग पासपोर्ट तरी आमचा हाय का? तर म्हणला पासपोर्ट सरकारचा, तुमच्यापाशी नुसता वापरायला. हे म्हणलं, मंग कामाचं परमिट? म्हणला ते कंपनीचं. आत्याबाईनं हात जोडलं, म्हणली, मायबाप, मंग आमचं काय हाय ह्यात? वकिलानं डोळ्यावरचा चष्मा काढून पुसला. हजेरीपटाचं मी सांगितलं, सरकारी रस्त्यावर गंगूबाई म्हणून मी खडी फोडली ते. म्हणला, बाई, ते कुणाला सांगू नगा.

मंग त्यानं ह्यांस्नी सांगितलं, हे उघडं पडलं तर हितंबी आत जाशील आन् तिकडंबी. जे झालं ते झालं, आता त्या पासपोर्टावर पाऊल टाकू नको. आन् माझ्याकडं बघून सावकाश म्हणला, बाई, एक सांगतो, राग मानू नका. ह्यांस्नी तिकडं कायबी झालं, भिंतीवरनं पडलं, मशीनीत हात गेला, तर कागद येईल पार्वतीबाईच्या नावानं. भरपाई तिला, मयताचा ताबा तिला. कायद्याला इचाराल तर तिकडच्या माणसाची तुमी कुणीच न्हाई.

कुणीच न्हाई. गाडीत बसून घरापतोर मला दुसरं काय ऐकू आलं न्हाई, बैलाच्या घुंगराचा आवाजबी न्हाई. दोन वरसं मी रोज दिवा लावताना म्हणायचे, देवा माझ्या माणसाला संबाळ, आन् तिकडं माझा माणूसच न्हवता.

दादांनी मातुर वकिलाच्या बोलण्यातनं आपल्या सोयीचं तेवढं उचललं. व्हिसा ज्याला दिला त्याचा, म्हंजे माझा. आन् गेलं की. मुंबईला कुणी अडवलं न्हाई, का अडवतील, माणूस खरा, नाव खरं, फोटू खरा, बायको खरी. तिकडं इमानतळावर कंपनीचा फोरमन न्यायला आल्याला. त्यानं दादांस्नी खालनं वर बघितलं आन् म्हणला नामदेव कुठं हाय? दादा म्हणलं, मी. फोरमन म्हणला, तू न्हाई. रजंवर जाताना कंपनीनं ठिवून घेतल्यालं कार्ड काढलं, त्यावर फोटू आमच्या मालकांचा. सही करून दाव म्हणला, तर दादांची सही येगळी. दादांनी आई-बापाची आण घेतली, मीच नामदेव, जलमापासनं मीच नामदेव. आता ते हिंदीतनं कसं सांगितलं आसंल देवाला ठावं. त्यांनी दुसऱ्या इमानात बसवून माघारी धाडलं, आन् पासपोर्टात कसला शिक्का मारला म्हणं, की आता त्यो पासपोर्ट दाखवायचीबी सोय न्हाई. खोटा माणूस दोन वरसं चालला आन् खरा माणूस एक दिस चालला न्हाई. दादा आठ दिस घराभायेर पडलं न्हाईत. कुणी आलं की म्हणायचं, माझ्याच नावानं मला हाकललं. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू, पर आक्काच्या तोंडाकडं बघून तोंडाला पदर लावला.

झालं, कंपनीची जागा गेली. मंग ह्यांचा पासपोर्ट नव्यानं. पुन्यांदा दाखला, पुन्यांदा खेटं, पुन्यांदा पोलिस. त्योच पोलिस. म्हणला ह्या घरातनं एक जण जाऊन आलाय न्हवं? दादा म्हणलं व्हय, मीच. हे जवळच उभं. माणसं धाडणारा दुसरा एक गाठला, त्यानं इचारलं, परदेशात काम केलंय का आधी? दोन वरसं भिंती बांधल्या त्या नामदेवानं बांधल्या. सर्टिफिकीट हाय, पर त्यावर नाव नामदेव. मुंबईत परीक्षेला ह्यांनी इटांचा कोपरा उचलला तर सायब म्हणला, कुठं शिकलास रं, आन् ह्यांनी सांगितलं, वडूजला. परदेशातल्या कामाचा कागुद ह्यांच्या नावानं न्हाई, म्हणून मंग बिगारी म्हणून घेतलं, गवंडी म्हणून न्हाई. ज्याच्या हाताखाली धा बिगारी हुतं त्यो आता बिगारी.

तालुक्याला प्रतिज्ञापत्र करायचं हुतं, तवा मीबी गेले. आत्याबाई म्हणली तुझं तिथं काय काम. मी म्हणलं, माझंच काम हाय. कचेरीत लय गर्दी, जमिनीची माणसं, दाखल्याची माणसं. कारकुनानं मान वर न करता इचारलं, नाव. ह्यांनी आपलं नाव सांगितलं, सवताचं. वडिलांचं नाव. गाव. आन् मग, बायकोचं नाव? हे म्हणलं, पार, आन् थांबलं. दोन वरसं ज्यानं त्यानं इचारलं तवा त्येच सांगितल्यालं, जिभंला वळण पडल्यालं, त्यांचा तरी काय दोष. कारकुनानं आता मान वर केली. हे वळलं आन् मी भिंतीला टेकून उभी हुते तिकडं बघितलं. आमच्यात नवरा बायकोला अगं म्हणतो, न्हाईतर पोराची आई म्हणतो. लग्नात कुणी नाव घ्यायचा आग्रह केला तर तेवढंच. मी त्यांच्या तोंडनं माझं नाव लग्नानंतर कवा ऐकलं न्हवतं. त्या कचेरीत, एवढ्या माणसात, हे मोठ्यांदा म्हणलं, यशोदा. कारकून म्हणला, अरे हळू, मी बहिरा न्हाई.

तर आता हे तिकडं हायत, बिगारी हायत, आन् सवताच्या नावानं हायत. पोस्टमन मला हाक मारतो. आक्का आन् मी परत एका ताटात बसतो, दादा गावातल्या भिंती बांधत्यात आन् पासपोर्टाचं नाव काढलं तर आंगावर येत्यात. गावातली पोरं येत्यात, काकू, व्हिसा कसा काढायचा, काकू, भावाच्या कागदावर जाऊ का, आन् मी त्यास्नी झाडूच दावते. म्हणते जायचं तर आपल्या नावानं जा न्हाईतर जाऊ नका, आन् तरीबी त्यातलं एकजण जाणारच, मला ठावं हाय.

शेजारीण म्हणली, येवढी वणवण केली, गवंड्याचा बिगारी झाला, तुला काय मिळालं? तिला काय सांगू. उद्या तिकडं त्यास्नी कायबी झालं, वंगाळ बोलत न्हाई, पर झालं, तर आता कागुद माझ्या दारात यील. माझ्या नावानं. रडायला मी आसंन, दुसऱ्या कुणाला इचारायची गरज न्हाई. येवढ्यासाठी आमी वरीस घातलं, जागा घालवली, तालुक्याच्या कचेरीची पायरी झिजवली. आता तुमीच सांगा, ह्याला हक म्हणायचं का काय म्हणायचं. आन् हे मिळवून देवाला रोज काय मागते, तर त्यो कागुद कवाच येऊ नये. समद्यांची माणसं समद्यांच्या घरी येऊ द्या. लिवलं का तुमी? माझं नाव नीट लिवा.